मुरमाच्या मैदानावरच्या मुली

"हिचे बूट कुठे आहेत?"

पंचांनी मुलींची नखं तपासली होती, कानातली काढायला लावली होती, सोनलच्या मनगटातला देवीचा दोरा बघून न बघितल्यासारखं केलं होतं. ऋतिकाच्या पुढ्यात मात्र ते थांबले. बाकी चौघींच्या पायांत झिजलेले का होईना, बूट होते. सगळ्यांत उंच असलेल्या ऋतिकाचे पाय मात्र उघडे. धुळीने राखाडी झालेले, टाचांना भेगा पडलेले.

"नवरात्र हाये सर," बास्केटबॉल संघाची कप्तान हर्षाली पुढे झाली. "तिच्या घरी घट बसल्यात. दसऱ्यापत्तुर ती पायात काय घालीत न्हाई."

"मग दसऱ्यापर्यंत घरी बसायचं. अनवाणी मुलीला मी कोर्टवर घेणार नाही. पाय फुटला तर लोक मला धरतील."

खेळाचे जालिंदर सर मध्ये पडले. "सर, आमच्याकडे राखीव कुणी नाही. पाचच आहेत."

"पाचच घेऊन आलात जुन्नरपर्यंत?"

"सहावीचं लग्न ठरलं. पाठवत नाहीत आता."

जांभळाच्या झाडाखाली पाण्याच्या बाटल्या मांडत बसलेल्या अंजनामावशींनी ते ऐकलं. त्या पदर खोचत उठल्या आणि कुणी बोलावलेलं नसताना पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, पोर मेंढरामागं अनवाणी वाढलीय. हिच्या टाचंला काटा लागला तर काटाच मोडतोय."

मुली फिस्सकन हसल्या. ऋतिका लाजली. पंचांच्या मिशीखालीही थोडं हललं, पण ते मान हलवतच राहिले. तेवढ्यात समोरच्या संघाच्या बाई आल्या. पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजच्या त्या प्रशिक्षक. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. "खेळू द्या सर तिला. आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. बोलण्यात भलेपणा होता, आणि ह्या पोरी खेळल्या काय न खेळल्या काय, असंही काहीतरी होतं. मावशींना दोन्ही ऐकू आलं. आपल्याला पाहिजे तेवढं त्यांनी घेतलं आणि झाडाखाली परत जाऊन बसल्या.

अंजनामावशी ह्या पोरींच्या कॉलेजात सेविका. त्यांचं गाव महाळुंगे पडवळ. नवरा जानकू ह्याच कॉलेजात शिपाई होता. तो तरणाताठा गेला आणि त्याच्या जागी त्यांना लावून घेतलं. डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, वर मान करून न बोलणारी ती बाई त्या वर्षी वर्ग झाडायची, घंटा द्यायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर पाणी मारायची. मैदान कसलं, मुरमाचा चौकोन. दोन टोकांना लोखंडी खांब, त्यांवर फळ्या, फळ्यांना कड्या. पाणी नाही मारलं तर पोरींच्या नाकातोंडात धूळ. त्यामुळे तेव्हापासून आजपर्यंत मावशींच्या दिवसाची सुरुवात पाण्यानेच व्हायची. बादलीतून ओंजळ भरून अर्धगोल पाणी फेकायचं, की कोरडा मुरूम हळूच काळा होऊन बसायचा. पुढे पाइप आला, तरी हाताची ती फेक गेली नाही.

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर बाईमाणूस हवं. प्राध्यापिकांना घरं होती, लेकरं होती, संध्याकाळची शेवटची गाडी होती. मग कुणीतरी म्हणालं, अंजनाबाईंना पाठवा. त्या गेल्या त्या जातच राहिल्या. घोडेगाव, नारायणगाव, राजगुरुनगर, एकदा तर पार बारामती. विधवा बाईला उंबऱ्याबाहेर पडायला कारण लागतं, आणि ते आपण होऊन मागायची सोय नसते. मावशींना ते पोरींनी दिलं. एसटीच्या खिडकीतून मावशींनी जे काही जग पाहिलं, ते मांडीवर चेंडूची जाळी घेऊन पाहिलं.

त्या पोरी आता कुठे कुठे होत्या. पहिली कप्तान उज्ज्वला एसटीत कंडक्टर झाली. मंचरच्या स्टँडवर भेटली, की तिकिटाची पेटी बाजूला सारून मावशींच्या पाया पडायची, सगळ्या गाडीदेखत. कुणी नर्स झाली, कुणी पोलिसात गेली, बऱ्याच जणी सासरी बटाटा-कांद्याच्या शेतात राबत होत्या. पण बाजारात भेटल्या की त्यांची पाठ ओळखू यायची. ताठ.

आता मात्र दिवस पालटले होते. मुली मोबाइलवर अभ्यास करत, दुपारी घरी जात, आणि आया म्हणत, चड्डी घालून उड्या मारायचं वय आहे का हे. यंदा संघाला पाच मिळता मिळता नाकीनऊ आले. प्राचार्यांनी सरांना बोलावून सरळच सांगितलं होतं. पहिली फेरी जिंकलात तर पुढचं बघू. नाहीतर मुलींचं हे वर्ष शेवटचं. मैदानाच्या जागी गाड्या लावायची सोय करू. मावशी तेव्हा चहा घेऊन आत गेल्या होत्या. कप टेबलावर ठेवून त्या बाहेर आल्या. त्या स्वतः येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. आपण गेल्यावरही तिथे चेंडू आपटल्याचा आवाज येत राहावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्याहून जास्त त्यांनी आयुष्यात कशासाठी देवाला हात जोडले नव्हते.

शिट्टी झाली आणि सामना सुरू झाला.

पुण्याच्या मुली गोऱ्या, भरलेल्या, एकसारख्या निळ्या कपड्यांतल्या. त्यांच्या हातात चेंडू असा नाचायचा की बघत राहावं. पण मोसमाचे पहिलेच दिवस होते. त्यांचा संघ अजून बसला नव्हता. निम्म्या नव्या होत्या, कुठून कुठून निवडून आणलेल्या. एक ओरडायची, "ए, सात नंबर, इकडे!" आणि सात नंबर भलतीकडेच पळायची.

"नाव सुदिक ठावं न्हाई एकमेकींचं," मावशी स्वतःशीच पुटपुटल्या.

आपल्या पोरींची गोष्ट वेगळी होती. मुरमाच्या मैदानाला पावसाळाभर खड्डे पडायचे. चेंडू आपटला की कधी उजवीकडे जाई, कधी तिथेच मरून पडे. म्हणून सरांनी शिकवलंच नव्हतं आपटत न्यायला. "प्रसाद जमिनीवर सांडायचा नाही," सर म्हणायचे. "हातातून हातात." आणि पाचच पोरी, रोज त्याच. जेवायला एका ठिकाणी, भांडायला एकमेकींशी. हर्षाली न बघता चेंडू मागे फेकायची आणि तिथे सोनल असायचीच. चेंडू सोनलकडून ऋतिकाकडे, ऋतिकाकडून परत हर्षालीकडे. निळ्या मुली मधल्या मध्ये फिरत राहायच्या, आणि रिंगखाली ऋतिका नुसता हात वर करायची.

मध्यंतराला आपल्या पोरी पुढे होत्या.

"मावशी, बघितलं का!" सोनल धापा टाकत आली. "सात नंबर मला इचारतीय, कुठली अकॅडमी तुमची?"

"मंग काय सांगितलं?"

"सांगितलं, मुरूम अकॅडमी!"

सगळ्या खिदळल्या. सरही हसले. "हुरळू नका," ते म्हणाले. "दोन महिन्यांनी हाच संघ समोर आला, तर आपली धूळधाण करील. आज त्यांचं जमलेलं नाही. आजचा दिवस आपला आहे, तो घ्या."

ऋतिका मात्र हसत नव्हती. ती झाडाखाली पाय पसरून बसली होती. मावशींनी तिचा तळवा हातात घेतला. चवड्याखाली कातडं लाल होऊन फुगलं होतं.

"काय गं हे?"

"माती भाजत न्हाई मावशे. ही सिमिट लई चावती."

ऊन डोक्यावर आलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, पावसाने धुऊन काढलेलं, म्हणून जास्तच लखलखीत. मावशी उठून कोर्टपर्यंत गेल्या आणि त्यांनी सिमेंटवर हात टेकला. भाकरी टाकायला तवा तयार झालाय का ते बघताना लागावी, तशी झळ लागली. पंच कचेरीत चहाला गेले होते. पुण्याच्या मुली बाईंभोवती गोळा होऊन बोलणी खात होत्या. संडासापाशी नळ होता, नळाखाली बादली होती.

ह्यात विचार करण्यासारखं काही होतं असं मावशींना वाटलंच नाही. जमीन तापली की पाणी मारायचं. त्यांनी बादली भरली, उत्तरार्धात ऋतिका जिथे उभी राहणार त्या रिंगखाली गेल्या आणि हाताच्या जुन्या फेकीने पाणी मारलं. सिमेंटमधून वाफ निघाली, चर्र झालं. आणखी एक बादली. रिंगखालून बाजूच्या रेषेपर्यंत, तिथून जांभळाच्या सावलीपर्यंत. उन्हातलं पाणी बघता बघता सुकलं. सावलीत पावसाळ्याचा एक काळा थर सिमेंटला धरून बसला होता. तो ओला होऊन चकाकला. चला, इथे तरी गारवा टिकेल, असं वाटून त्यांना बरं वाटलं. मुरमावर शेवाळ धरत नाही. सिमेंटवरच्या शेवाळाची निसर मावशींच्या पायांना ठाऊक नव्हती.

बादली परत ठेवून येताना त्यांना दिसलं, हर्षाली त्यांच्याकडे बघत होती. तिने अंगठा वर करून दाखवला.

उत्तरार्ध सुरू झाला. पुण्याच्या बाईंनी पोरींना चांगलं झापलं असावं. त्या आता चवताळून खेळत होत्या. अंतर कमी व्हायला लागलं. मग एक चेंडू हुकला आणि जांभळाच्या बाजूने रेषेबाहेर निघाला. तो कुणीही जाऊ दिला असता. हर्षालीने नाही दिला. ती त्याच्यामागे सुसाट धावली, सावलीत शिरली, चेंडू रेषेवरून खेचून आत फेकला. सोनलने तो झेललाही. आणि हर्षालीचा पाय तिच्या अंगाखालून निघून गेला.

वरचं अंग एकीकडे, गुडघा दुसरीकडे. कोवळं लाकूड पिरगळल्यासारखा आवाज आला.

सगळ्यांच्या आधी धावत आल्या त्या पुण्याच्या बाई. काळा चष्मा कुठेतरी पडला होता; त्यांचे डोळे चांगले मायाळू होते. त्यांनी गुडघ्याला हात लावला आणि लगेच काढला. सरांनी हर्षालीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, पण ती रडत नव्हती.

पंच वाकून सिमेंटवर बोट फिरवत होते. बोट ओलं निघालं.

"इथे पाणी कुणी टाकलं?"

मावशींचं तोंड उघडलं. सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या, आणि त्या क्षणी त्यांना असं दिसलं, की 'मी' म्हटलं की सामना थांबेल. थांबला की गेला. गेला की सगळंच गेलं. एवढं सगळं त्यांना दिसलं, आणि शब्द आला नाही.

"माझी बाटली सांडली सर," जमिनीवरून हर्षाली म्हणाली. "मध्यंतराला."

पंचांनी एका बाटलीत मावणारं पाणी आणि समोरची ओल ह्यांचा हिशेब केला असणार. पण पडलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघून त्यांनी तो विषय तिथेच सोडला. पोतं मागवून त्यांनी जागा पुसून घेतली.

"चौघी राहिलात," ते सरांना म्हणाले. "सुरू झालेला सामना चौघींनी खेळता येतो. पण थांबायचं असेल तर थांबा. कुणी काही म्हणणार नाही."

सरांनी पोरींकडे बघितलं. पोरींनी हर्षालीकडे.

"बघता काय माझ्याकडं?" हर्षाली दात आवळून म्हणाली. "खेळा की."

पुढचं मावशींना नीट आठवत नाही. त्या हर्षालीजवळ बसून होत्या, तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. कोर्टवर चौघी विरुद्ध पाच असं काहीतरी चाललं होतं. हातातून हातात चेंडू जात होता. ऋतिका फोडांच्या पायांनी रिंगखाली उभी होती आणि हलत नव्हती. हर्षाली अधूनमधून ओरडायची, "सोने, मागं!" आणि तेवढ्यानेच कळ येऊन मावशींचा दंड आवळायची. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आपल्या पोरी एका बास्केटने पुढे होत्या. कुणी नाचलं नाही. पुण्याच्या मुली आपण होऊन टाळ्या वाजवत होत्या.

"माझ्या पायापायी झालं," ऋतिका जीपमध्ये रडत राहिली.

"गप गं," हर्षाली म्हणाली. "तुझे पाय कशाला आलेत मधी? माझे पाय हायती."

मावशी पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातला दोर तुटलाय. ऑपरेशन करावं लागेल, दिवाळीनंतर केलं तरी चालेल, तोवर पट्ट्याचा आधार. चालेल ती, घरचं काम करील. "पळायचं मात्र विसरा," ते म्हणाले. हर्षालीने विचारलं, "भरतीपुरतं?" डॉक्टरांना आधी कळलं नाही. सरांनी समजावलं, की ती पोलिसात जायची तयारी करतेय. पहाटे उसाच्या रस्त्याने रोज धावते. डॉक्टर चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मावशींना बोलावून पेढा दिला. पेपरात तीन ओळी आल्या होत्या: ग्रामीण संघाची बलाढ्य संघावर मात. "कोण म्हणतं मुलींचं बंद करा?" प्राचार्य म्हणाले. "पुढचा सामना घोडेगावला आहे ना? मी स्वतः येतो." मावशींनी पेढा पदराच्या टोकाला बांधला. घरी जाईपर्यंत त्याचा भुगा झाला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या अवसरी बुद्रुकला गेल्या. हर्षालीचं घर गावाच्या कडेला होतं. पडवीत झेंडूची रास पडलेली, आणि हर्षालीची आई पुष्पा माळा ओवत होती. हर्षाली भिंतीला टेकून बसली होती, पट्ट्यात बांधलेला पाय समोर लांब करून. तिच्या मांडीवरही फुलं होती.

"या मावशी," पुष्पा म्हणाली. "च्या टाकते."

"थांब. आदी माझं ऐक." मावशी उभ्याच राहिल्या. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं होतं, ते आता सापडेना. "पानी मी मारलं व्हतं पुष्पे. बाटली न्हाई सांडली. मी दोन बादल्या वतल्या. ऋतिकाचे पाय पोळत व्हते म्हनून."

पुष्पाच्या हातातली सुई फुलात अर्धी जाऊन थांबली.

"आईला कशाला सांगितलं?" हर्षाली वैतागली. "मी निस्तरलं व्हतं की सगळं."

"तू गप," पुष्पा म्हणाली. तिने सुई पार काढली. "मावशी, तुमी आलात, तोंडानं सांगितलंत. आता मी काय करू? बोलू का तुमाला? बोलून पाय नीट व्हनार असता, तर आख्खं गाव गोळा करून बोलले असते. पहाटं हिच्यासंगं मी उठत व्हते. ही पळायची, मी कडंला बॅटरी धरून उभी ऱ्हायची. कुत्री येतात म्हनून." ती उठली. "च्या टाकते."

ती आत गेली. आत बराच वेळ भांड्याचा आवाज झाला नाही.

मावशी हर्षालीजवळ टेकल्या. हात रिकामा बरा दिसत नाही म्हणून त्यांनीही एक सुई घेतली.

"घोडेगावचं काय झालं?" हर्षालीने विचारलं.

"सर हिंडत्यात. पाचवी पोर मिळंना. बारावीची एक तयार व्हती, तिचा बाप न्हाई म्हनला."

"मंग?"

"मंग काय. चार जनी न्हेऊन सामना सुरू करता येत न्हाई, सर म्हनले. सुरवातीला पाच उभ्या पायजेत. एकदा चेंडू वर गेला की मंग चौघी चालत्यात. जुन्नरात चालल्या तशा."

हर्षालीने एक फूल उचललं, देठ खुडला, माळेत घातलं. आणखी एक.

"उभ्याच पायजेत ना?" ती म्हणाली. "पळायचं तर न्हाई?"

मावशींना कळलं. ती पुढे काय बोलणार तेही कळलं. नको गं बाई, म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. आतमध्ये स्टोव्हचा भुरभुर आवाज सुरू झाला. नको, म्हणायचंच होतं. त्यांनी दोरा ओढून गाठ मारली, आणि स्वतःचाच आवाज त्यांच्या कानांवर आला.

"पाय टेकतोय का?"

"टेकतोय की," हर्षाली म्हणाली.

घोडेगावचं मैदान शाळेचं होतं, चारी बाजूंनी भिंत, भिंतीवर पोरं बसलेली. नवरात्र उठलं होतं. ऋतिकाच्या पायांत बूट होते आणि ती त्यात अवघडून चालत होती. प्राचार्य खुर्चीवर बसले होते. पुष्पा आली नव्हती.

इथले पंच तरुण होते. त्यांनी हर्षालीचा पट्टा बघितला, वरून गुंडाळलेलं कापड चाचपून बघितलं.

"ही खेळणार?"

"खेळनार सर," हर्षाली म्हणाली.

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग सरांकडे. सर जमिनीकडे बघत होते. पंचांच्या लक्षात आलं.

"खेळ पहिल्यांदा थांबला, शिट्टी झाली, की बाहेर यायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "ऐकलंस? लगेच."

"हो सर."

मावशींनी तिला दंडाला धरून रेषेपर्यंत आणलं. तिचं वजन त्यांच्या खांद्यावर होतं. पोर बारकी दिसायची, पण हाडं जड होती. रेषेच्या आत खेळाडू सोडून कुणी जायचं नाही. हर्षालीने आपला हात त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सोडा मावशी. जाते मी."

ती गेली. बांधलेला पाय बाजूने अर्धगोल फिरवत, एकेक पाऊल टाकत, वर्तुळाच्या मागे आपल्या जागेवर. कुणी मदतीला आलं नाही, कारण तिने कुणाकडे बघितलंच नाही. समोरच्या संघातली जी मुलगी तिच्या शेजारी उभी होती, तिने गुडघ्याकडे बघितलं आणि ती एक पाऊल लांब सरकली, चुकून धक्का लागू नये म्हणून.

चेंडू वर गेला. ऋतिकाने तो थापटून पुढे लोटला. सोनलने घेतला, आणि सगळ्याच्या सगळ्या मुली त्याच्यामागे धावत पलीकडच्या रिंगखाली गेल्या. भिंतीवरची पोरं ओरडायला लागली. प्राचार्य उठून उभे राहिले. तिकडे कुणाचा तरी नेम चुकला, चेंडू पुन्हा हातोहात फिरायला लागला.

इकडच्या अर्ध्या मैदानात हर्षाली एकटीच होती. सरांनी शिकवलं होतं तशी ती वाकली होती. एक गुडघा वाकवून, दुसरा वाकत नाही म्हणून ताठ, आणि दोन्ही हात पसरून समोरच्या रिकाम्या जागेची राखण करत होती.

मावशी रेषेबाहेर उभ्या होत्या. शिट्टी अजून वाजत नव्हती.